एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) अमोनिया उतरत नाहीये? ब्लोअर (टँकमध्ये हवा सोडणारं यंत्र) वाढवण्याआधी हे बघा

बाहेर पडणारं पाणी काचेसारखं, बीओडी (जिवाणू खातात त्या सेंद्रिय घाणीचं माप) पण मस्त, आणि रिपोर्टमध्ये अमोनिया मात्र आला तसाच गेलाय. अशा वेळी सगळे आधी ब्लोअरकडे धावतात. माझं ठाम मत आहे की आधी स्लजचं वय काढा, म्हणजे टँकमधला जिवाणूंचा गाळ (स्लज) सरासरी किती दिवस टँकमध्ये राहतो ते.

कारण अमोनियावर जगणारे जिवाणू फार हळू वाढतात. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं पुढे नायट्रेट करतात, आणि बीओडी खाणाऱ्यांच्या मानाने दोघांचीही वाढ अगदी मंद, त्यामुळे रोज जास्त स्लज काढून टाकला की हे वाढायच्या आतच टँकमधून बाहेर जातात, बीओडीवाले मात्र टिकतात म्हणून पाणी छान दिसत राहतं. हिशोब सोपा आहे, टँकमधला एकूण सुका स्लज भागिले रोज काढला जाणारा. टँकमध्ये ३००० किलो आणि रोज ५०० किलो काढताय म्हणजे वय फक्त ६ दिवस, थंडीत एवढ्यात भागत नाही. वेस्टिंग (स्लज काढून टाकणं) हळूहळू कमी करून १०-१५ दिवसांवर आणा, गार पाण्यात त्याहून जास्त. एमएलएसएस (टँकमधल्या स्लजची घनता) वाढेल तेव्हा क्लॅरिफायरवर (स्लज खाली बसतो त्या टँकवर) लक्ष ठेवा, आणि फरक दिसायला दोन-तीन आठवडे जातात हे धरूनच चला, मध्येच घाबरून परत वेस्टिंग वाढवू नका प्लीज.

दुसरी गोष्ट अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद), जी कोणी मोजतच नाही! १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी लागते (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने). म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया-नायट्रोजनला जवळपास २८६ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि येणाऱ्या पाण्यात २५० च असेल तर काम अर्ध्यात अडणार, पीएच घसरणार. बाहेरच्या पाण्यात निदान ८०-१०० शिल्लक दिसली पाहिजे, नसेल तर चुना किंवा सोडियम बायकार्बोनेट थोडं थोडं डोस करा.

हे दोन्ही ठीक असेल तर मग हवा. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साधारण ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन जातो, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास ठेवा आणि तो टँकच्या एकाच कोपऱ्यात मोजू नका.

आता नायट्रेट झालं म्हणजे नायट्रोजन गेला असं नाही, तो पाण्यातच आहे. तो वायू होऊन उडायला वेगळी मंडळी लागतात, पॅराकोकस, थॉएरा वगैरे, ज्यांना ऑक्सिजन मिळाला नाही की ते नायट्रेटवर श्वास घेतात. त्यांच्यासाठी अनॉक्सिक (ऑक्सिजन नसलेल्या) टँकमध्ये फक्त मिक्सर, हवा बंद, डीओ ०.२-०.३ च्या खाली. आणि खायला कार्बन हवा म्हणून कच्चं सांडपाणी आधी तिथेच सोडायचं, बीओडी नायट्रोजनच्या चौपट तरी असावा, कमी पडला तर मेथेनॉलसारखं काहीतरी द्यावं लागतं. एरेशनमधून (हवा सोडतात त्या टँकमधून) परत फिरवलेलं पाणी आणि रिटर्न स्लज (क्लॅरिफायरमधून परत आणलेला) मिळून इनफ्लोच्या (येणाऱ्या सांडपाण्याच्या) ३ पट असेल तर जास्तीत जास्त ७५ टक्के नायट्रेट निघतं, त्याच्या वर जायचं तर रिसायकल वाढवा, पण त्याच्याबरोबर ऑक्सिजनही अनॉक्सिकमध्ये जातो हे ध्यानात ठेवा. यात एक फायदा म्हणजे गेलेली निम्मी अल्कलिनिटी इथे परत मिळते.

एक साधी टेस्ट सांगतो. ३० मिनिटांच्या सेटलिंग टेस्टनंतर (एरेशन टँकमधलं पाणी सिलिंडरमध्ये ठेवून स्लज किती बसतो ते बघतात ती) सिलिंडर ओतून देऊ नका, अजून तास-दोन तास तसाच ठेवा. खाली छान बसलेला स्लज बारीक बुडबुडे घेऊन गोळ्यानेच वर आला तर नायट्रेट भरपूर बनतंय पण अनॉक्सिकमध्ये संपत नाहीये, आणि क्लॅरिफायरमध्येही हेच चाललेलं असतं. तिथे स्लज जास्त वेळ बसू देऊ नका, रिटर्न वाढवा.

आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन अचानक खूप लागायला लागलं तर नायट्राइट तपासा. १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन साधारण ५ मिलिग्रॅम क्लोरीन खातं, ते जास्त निघालं म्हणजे पहिली पायरी (अमोनियाचं नायट्राइट) चालू आहे आणि दुसरी (नायट्राइटचं नायट्रेट) मागे पडलीये.