समुद्रातला घोडा आणि फार्मवरचा घोडा एकाच टाकीत? या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात माझ्या टाकीतली समुद्रघोड्याची मादी गेली, आणि चूक माझीच होती. न्यू जर्सीतल्या घरी तीस गॅलनच्या टाकीत इरेक्टस जातीच्या समुद्रघोड्यांची जोडी होती, दोघंही फार्मवर जन्मलेले. त्यात मी दुकानातून आणखी एक नर आणून सोडला. नवव्या दिवशी सकाळी जोडीचा नाच झाला नाही. एरवी दिवा लागला की दोघं जवळ यायचे, रंग उजळायचे, शेपट्या गुंफून टाकीभर फिरायचे. त्या दिवशी मादी कोपऱ्यातल्या काडीला धरून बसली होती आणि तिचे कल्ले भराभर हलत होते.

‘ठणठणीत दिसतोय’ म्हणून सोडणं

नवा नर खरोखरच ठणठणीत दिसत होता, आणि तिथेच फसायला होतं. समुद्रातून पकडलेल्या घोड्याच्या कल्ल्यांत चपटे परजीवी असू शकतात, आतड्यात जंत असू शकतात. तो त्यांच्यासह जगत आलेला असतो. फार्मवर वाढलेल्यांची त्यांच्याशी कधी गाठच पडलेली नसते. दोघं एका पाण्यात आले की फार्मवरचा आधी कोसळतो. उलटही होतं: प्रवासानं थकलेल्या नव्याला तुमच्या टाकीतले जंतू भारी पडतात. म्हणूनच दोन वेगवेगळ्या फार्मवरचे घोडेसुद्धा मी आता एकत्र ठेवत नाही.

‘टँक-रेज्ड’ (टाकीत वाढवलेला) या शब्दावर विसंबणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, मीही फसलो. या नावाखाली विकले जाणारे काही घोडे समुद्रातच जाळ्याच्या पिंजऱ्यात किंवा न गाळलेल्या समुद्राच्या पाण्यावर वाढवलेले असतात. आजारांच्या हिशेबानं ते समुद्रातलेच समजा. सगळ्या समुद्रघोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवान्यावर, चालतो. घोडा परदेशातून आलेला असेल तर परवान्यावर उगमाचं अक्षर असतं: ‘डब्ल्यू’ म्हणजे समुद्रातून पकडलेला, ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, ‘एफ’ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, पण ‘सी’च्या अटींत न बसणारा. दुकानदाराला हे अक्षर विचारा. ‘सी’ असलं तरी पाणी कुठलं होतं हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घोडा घेऊ नका.

क्वारंटाइन उरकून टाकणं

दोन आठवडे पुरत नाहीत, निदान सहा द्या. टाकी वेगळी, जाळी वेगळी, सायफनची नळीही वेगळी. एकच ओली जाळी दोन्ही टाक्यांत बुडवली की सगळी मेहनत वाया. जंतांवरचं फेनबेंडाझोल मुख्य टाकीत कधीही घालू नका. ते लाइव्ह रॉकमध्ये (टाकीत ठेवतात त्या, सूक्ष्म जीवांनी भरलेल्या खडकांत) मुरतं आणि पुढे कित्येक महिने गोगलगायी, नळीतले पिसारेवाले किडे मारत राहतं.

खाण्याचा गोंधळ वेगळाच. फार्मवरचे गोठवलेल्या मायसिसला (कोळंबीसारख्या बारीक जीवांना) सरावलेले असतात, समुद्रातला बहुधा हलणारंच भक्ष्य ओळखतो. समुद्रघोड्याला जठर नसतं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा खाणं लागतं आणि उपास फार सोसत नाही. खाताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तोंडाची नळी मायसिसवर रोखली, पण आवाज नाही आणि घास आत जात नाही, असं दिसलं तर नळी सुजली आहे का ते त्याच दिवशी बघा.

आधीच एकत्र सोडले असतील तर

फक्त आजारी घोडा बाहेर काढून भागत नाही, सगळ्याच टाकीला लागण झाली असं धरून चाला. नव्याला वेगळं करा. पाण्याचं तापमान एकदम नाही, पण हळूहळू २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवा, कारण व्हिब्रिओ जिवाणू उबेत झपाट्यानं वाढतात. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर ताजा नमुना माशांच्या डॉक्टरकडे न्या. अंदाजानं तीन औषधं एकदम घालू नका. मी घातली होती.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे २००१ पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोकणात कोणी जाळ्यात सापडलेला जिवंत घोडा देऊ केला तरी घेऊ नका, परत पाण्यात सोडायला सांगा.

मार्चमध्ये त्याच फार्मवरून दुसरी मादी आणली. सहा आठवडे ती पाहुण्यांच्या खोलीतल्या टाकीत होती. मुख्य टाकीत सोडल्यावर नर दोन दिवस लांबच राहिला. तिसऱ्या सकाळी दिवा लागल्यावर त्याचा रंग उजळला.