बॅटरीचा नट जाम झालाय?
गळीत हंगाम तोंडावर आला की सांगलीकडं पावसाळाभर उभे राहिलेले ट्रॅक्टर बाहेर निघतात आणि बॅटरीचा नट हलता हलत नाही. तिथं हातोडा मारू नका! टर्मिनलचा खांब शिशाचा, मऊ; पिळला की मुळातून सैल होतो आणि चांगली बॅटरी भंगारात जाते.

बॅटरीची झाकणं घट्ट लावा, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवा, टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरावर ओता. फसफस थांबली की धुऊन पुसा, गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. मग एका पान्यानं बोल्टचं डोकं धरून दुसऱ्यानं नट किंचित आवळा, मगच सोडवा. निगेटिव्ह आधी. नट तापवायचा तर विचारही नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जोडताना पॉझिटिव्ह आधी, वरून व्हॅसलिन.