गच्चीवरची स्पिरुलिना पिवळी पडते? या चुका टाळा

पुण्यात गच्चीवर स्पिरुलिना, म्हणजे खाण्यासाठी पाण्यात वाढवतात ते सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, वाढवणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: चार दिवस हिरवीगार होती, मग पिवळी पडली. त्यावर अनेकजण लगेच चमचाभर युरिया टाकतात. कृपा करून असं करू नका. स्पिरुलिनाच्या पाण्याचा सामू (pH) ९.५ ते १०.५ असतो. इतक्या सामूला युरियापासून तयार होणारा अमोनिया बराचसा मुक्त रूपात राहतो आणि पेशी मारतो. नत्रासाठी सोडियम नायट्रेट वापरा, लिटरला २.५ ग्रॅम.

मुळात ताज्या द्रावणातलं नत्र चार दिवसांत संपत नाही. पिवळेपणाचं कारण बहुतेक वेळा ऊन असतं. एक लिटर बियाणं (सुरुवातीचं जिवंत स्पिरुलिना असलेलं पाणी) थेट पन्नास लिटर पाण्यात ओतलं की कल्चर, म्हणजे वाढतं स्पिरुलिनाचं पाणी, इतकं विरळ होतं की तळ स्वच्छ दिसतो. एकमेकींच्या सावलीचा आधार नसलेल्या पेशींचं रंगद्रव्य मग उन्हात जळतं. आधी द्रावण घालून कल्चर दुप्पट करा, गडद झालं की पुन्हा दुप्पट, आणि तोवर वर शेडनेट ठेवा. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीत तर जास्तच जपा. रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि गारठलेल्या कल्चरवर सकाळचं कडक ऊन पडलं तर तेही सोसत नाही. पाणी कोमट होईपर्यंत सावली राहू द्या. वाढ उत्तम होते ती ३० ते ३५ अंशांना.

दुसरी मोठी चूक पाण्याची. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यात स्पिरुलिनासाठी लागणारा सोडा घातला की ते दुधाळ होतं आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्यासोबत स्फुरद (फॉस्फरस) आणि लोहही खाली जातं. महापालिकेचं पाणी चालतं, पण क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघडं ठेवा.

सोडा म्हणजे खाण्याचा सोडा, लिटरला सुमारे १६.८ ग्रॅम. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल असतं. सामू लिटमसने कळत नाही, मीटर घ्या. सामू ९ च्या खाली गेला की दुसरी हिरवी शेवाळं शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्री तंतूंऐवजी गोल हिरव्या पेशी दिसू लागल्या, तर ते कल्चर खाऊ नका. नदी-तळ्यावरची हिरवी साय बियाणं म्हणून आणणं तर थेट धोक्याचं. त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ असू शकतं आणि त्याचं विष यकृतावर घाला घालतं. बियाणं खात्रीच्या प्रयोगशाळेतूनच घ्या.

काढणी सकाळी करा, बारीक कापडातून गाळा, स्वच्छ पाण्याने धुवा. वाळवताना तापमान ६० अंशांच्या पुढे नेऊ नका, फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य टिकत नाही.

आणि शाकाहारी मंडळींनो, बी-१२ जीवनसत्त्वासाठी स्पिरुलिनावर विसंबू नका. हिच्यातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवा.