क्रिटीकसाठी फोटो देताय? आधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघा

लग्नाचे फोटो एडिट करायला लागून मला सहा वर्षं झाली. आता नवीन पोरं-पोरी विचारतात, दादा फोटो चांगला झालाय की नाही कसं कळतं, कुणाला दाखवायचा, काय विचारायचं (फोटो दाखवून त्यातलं चांगलं-वाईट ऐकणं, यालाच आम्ही क्रिटीक म्हणतो), म्हणून जे शिकलो ते एकदा लिहून काढतोय.

पहिल्याच वर्षी ताईच्या मैत्रिणीकडे बारसं होतं. खिडकीतून तिरका उजेड पाळण्यावर पडलेला, बाळाची मूठ पाळण्याच्या कडेला, मोबाईलवरच काढला पण मला तो फोटो जाम आवडला. ओरिजिनल फाइल ड्राइव्हवर टाकली आणि ओळखीच्या दहा-बारा फोटोवाल्यांना लिंक पाठवली, सांगा कसा झालाय. आमच्या स्टुडिओतल्या सीनियर दादांनी ती लॅपटॉपवर उघडली, फोटोबद्दल एक शब्द बोलले नाहीत, डीटेल्समधले अक्षांश-रेखांश मॅपमध्ये टाकले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पिन बरोबर त्या बिल्डिंगवर. "बाळाच्या आईला विचारलंस का रे, तिचा पत्ता वाटतोयस ते?" मी लगेच लिंक बंद केली, ताईच्या मैत्रिणीला फोन करून सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. पण ज्यांनी फाइल आधीच उतरवून घेतली होती त्यांच्याकडून ती परत कशी आणणार.

तर हे नेमकं असतं काय. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक माहितीचा कप्पा असतो, त्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ साली जपानमध्ये हे स्टँडर्ड आलं. तारीख-वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर (उजेड किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील ठेवलं), लेन्स किती एमएमवर होती (म्हणजे किती झूम), बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा सीरियल नंबर, मालकाचं नाव भरलं असेल तर तेही, आणि मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल तर जीपीएस, म्हणजे फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश. त्यात दशांशानंतर चार आकडे मिळाले तरी साधारण अकरा मीटरपर्यंत जागा कळते, म्हणजे बंगला असेल तर दारापर्यंतच. अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलिझच्या पोलिसांपासून लपत फिरत होता, तेव्हा एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो टाकला आणि फोटोतल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. आपण कुणापासून लपत नसतो हे खरं, पण आपल्या फोटोत दुसऱ्यांची लेकरं असतात, दुसऱ्यांची घरं असतात.

मग सरळ सगळं पुसूनच टाकायचं का? क्रिटीक हवं असेल तर नाही, आणि इथेच नवीन लोकांचा गोंधळ होतो. मागे एका मुलीने मला खंड्याचा फोटो दाखवला, तारेवर बसलेला, रंग सुंदर, पण पक्षी सॉफ्ट, म्हणजे धूसर. ती म्हणाली फोकस गेलाय, लेन्स खराब आहे बहुतेक, नवीन घेऊ का. एक्झिफ बघितलं तर ३०० एमएमवर शटर १/६० सेकंद. हातात कॅमेरा धरून एवढ्या झूमला साधारण १/३०० च्या वर शटर लागतं, कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर अजून जास्त. झूम करून पाहिलं तर तारसुद्धा पक्ष्यासारखीच एका दिशेला ओढल्यासारखी दिसत होती, फोकस गेला असता तर पुढचं-मागचं काहीतरी शार्प मिळालं असतं. म्हणजे फोटो हललाय, लेन्स एकदम ठणठणीत. त्या दोन आकड्यांमुळे तिचे लेन्सचे पैसे वाचले. म्हणून शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि एमएम राहू द्या, किंवा सगळं पुसून हे चार आकडे फोटोखाली टाइप करा. मी यातला दुसरा पर्याय घेतो, कारण काय दिलं ते आपल्याला पक्कं माहीत असतं.

पुसायचं कसं, तर विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, खाली रिमूव्ह प्रॉपर्टीजची ओळ आहे, त्यातला कॉपी बनवणारा पर्याय घ्या म्हणजे ओरिजिनल तशीच राहते. आयफोनवर शेअर करताना वर ऑप्शन्स असतं, तिथे लोकेशन बंद करता येतं. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करताना मेटाडेटामध्ये (हीच ती आतली माहिती) फक्त कॉपीराइट ठेवायची सोय आहे, स्टुडिओत आम्ही तीच वापरतो. आणि ढीगभर फोटो असतील तर एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते पण दोन दिवसात हात बसतो. यात एक खाचखळगा आहे, सगळंच उडवलं तर कलर प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे याची नोंद) जातं आणि अ‍ॅडोबी आरजीबीमधला फोटो फिका दिसायला लागतो, शिवाय उभा फोटो आडवा होऊ शकतो कारण तो कसा फिरवायचा हेही एक्झिफमध्येच लिहिलेलं असतं. म्हणून आधी एसआरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, एक्स्पोर्ट करा, मग पुसा.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की लोकेशन निघून जातं, पण क्वालिटी टिकावी म्हणून आपण डॉक्युमेंट करून पाठवतो ना, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते, जीपीएससकट. फोटोग्राफर लोक नेमके तिथेच फसतात.

क्रॉपचंही तसंच. एक्झिफमध्ये छोटा थंबनेल, म्हणजे फोटोची चिमुकली प्रत असते, काही सॉफ्टवेअर क्रॉप केल्यावर ती बदलतच नाहीत, म्हणजे कडेचा जो माणूस तुम्ही कापला तो आत तसाच बसलेला. आणि फाइल स्वच्छ झाली तरी चित्रात गाडीचा नंबर, दारावरची पाटी, पोरांच्या युनिफॉर्मवरचं शाळेचं नाव असतंच, ते डोळ्यांनीच शोधायचं, कुठलंही टूल ते काढून देत नाही. घरट्याचे किंवा दुर्मिळ प्राण्यांचे फोटो असतील तर जागा अजिबात देऊ नका. प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी टाकायची साइट आयनॅचरलिस्टसुद्धा धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपणहून झाकतं, ते उगाच नाही.

आता दुसऱ्याच्या फोटोवर बोलण्याबद्दल. "मस्त", "भारी" याचा शिकणाऱ्याला काडीचा उपयोग नाही, आणि "फालतू" म्हटलं तर तो पुढचा फोटो दाखवतच नाही. मी आधी अर्धा मिनिट नुसता बघतो. नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली, कुठे अडकली, हे तसंच्या तसं सांगतो. मग चारही कडा, कारण बहुतेक घाण कडेलाच असते, कापलेली बोटं, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची. मग उजेड, नवरीच्या शालूची जरतार उजेडाने जळून नुसती पांढरी झालीये का, नवरदेवाच्या काळ्या कोटात काही दिसतंय का. हे सगळं बोलायच्या आधी मात्र एक प्रश्न विचारतो, तुला यात काय दाखवायचं होतं, कारण ते कळल्याशिवाय मी माझ्या आवडीचा फोटो त्याच्या गळ्यात मारत असतो. न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून परत पाठवू नका. आणि कुणाच्या फाइलमध्ये जीपीएस दिसलं तर सगळ्यांसमोर नाही, त्याला एकट्याला सांगा, लगेच सांगा.

बारशाचा तो फोटो नंतर बाळाच्या आईनेच मागितला, हॉलमध्ये लावायला. प्रिंटला देण्याआधी दादांनी तो नीट बघितला आणि तेव्हा कुठे त्यांचं क्रिटीक मिळालं, मुठीवरचा उजेड छान आहे, पण पाळण्याची दोरी डावीकडे अर्धी कापली गेलीये, एक पाऊल मागे गेला असतास तर पुरं झालं असतं.