फायर-फ्रंटेड सेरिन ओळखताना या चुका टाळा

लडाख आणि स्पितीहून परतलेल्या आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या फोटोंमध्ये एक चूक हमखास सापडते: फायर-फ्रंटेड सेरिन या बिया खाणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या बाबतीत काळ्या डोक्याचा, कपाळावर शेंदरी डाग असलेला तो नर आणि तपकिरी तोंडाची ती मादी, असे लिहून मोकळे होणे. चिमणीवरून बांधलेला हा ठोकताळा येथे चालत नाही. सेरिनचे नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात, मादीचे रंग थोडे फिके असतात इतकेच. दालचिनी रंगाच्या चेहऱ्याचा पक्षी बहुधा त्याच वर्षी जन्मलेला असतो.

एका ऑगस्टमध्ये लेहजवळच्या ओढ्याकाठी आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी असाच तपकिरी चेहऱ्याचा पक्षी पाहताक्षणी रोझफिंच या दुसऱ्या बियाखाऊ पक्ष्याची मादी ठरवला, वहीत नोंद केली आणि ते पुढे निघालेसुद्धा. थोड्याच वेळात शेंदरी कपाळाचा एक पक्षी त्याच काटेरी झुडपावर उतरला. त्याच्या चोचीत काहीही दिसत नव्हते, तरी तपकिरी पक्ष्याने पंख थरथरवत चोच उघडली आणि त्याला घशातून वर काढलेला बियांचा लगदा भरवला गेला. सेरिन पिल्लांसाठी बिया चोचीत धरून नव्हे, तर अन्नपिशवीत साठवून आणतात. त्यामुळे चोच रिकामी दिसली की नजर हटवणाऱ्यांना हे नाते कधी कळतच नाही. नोंद खोडली गेली, पण खोडताना कुरकूर बरीच झाली.

मी स्वतः कपाळाकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी चोच पाहावी: सेरिनची चोच आखूड, बारीक आणि शंकूसारखी असते, तर कॉमन रोझफिंचची जाड आणि फुगीर. त्यानंतर आकार: सेरिन जेमतेम १२ सेंटिमीटरचा, रोझफिंच त्याहून स्पष्टपणे मोठा. एवढे पाहायला दुर्बीण पुरते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो ताणून निदान करण्याची घाई मला मुळीच पटत नाही.

ट्वाइट हा असाच आणखी एक छोटा बियाखाऊ पक्षी. तो ओळखताना पिवळ्या चोचीवर विसंबू नये, ती खूण हिवाळ्याची आहे. उन्हाळ्यात तीच चोच करडी होते.

पक्षी किती उंचावरच्या प्रदेशात दिसला, केवळ एवढ्यावरून जात ठरवू नये, कारण हिवाळ्यात सेरिनचे थवे खालच्या दऱ्यांत उतरतात.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याला मी निरीक्षण म्हणत नाही, आणि विणीच्या हंगामात तर तो प्रकार निषिद्धच मानावा. बी धरलेले काटेरी झुडूप शोधून थोडे दूर बसावे. बी संपेपर्यंत थवा बहुधा तेथे पुन्हा पुन्हा येतो.