ग्रुपवर कुणी अंध आहे? मग फोटो टाकताना या चुका टाळा

अंध माणूस फोन वापरतो तो स्क्रीन रीडरच्या जोरावर. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवर अनेकांकडे फुकट मिळणारं एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर ही सॉफ्टवेअर बोलून दाखवतात. फोटो आला की बहुतेक वेळा नुसतं "इमेज" म्हणतात आणि पुढे जातात. मीही असाच फोन ऐकतो, आणि नातेवाईक, शाळासोबती, सोसायटी अशा सगळ्या ग्रुपांवर आहे.

मजकुराचाच फोटो काढून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक. महाबळेश्वरचा सूर्यास्त मला कळला नाही तर फारसं बिघडत नाही. पण पाणी कधी येणार नाही याची नोटीस, मुलांचं वेळापत्रक, लग्नपत्रिका, हे मुळात शब्दच असतात. कुणीतरी ते टाइप करतं, त्याची प्रिंट काढतं, ती बोर्डावर लावतं आणि मग दुसरा कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतो. एवढ्या उठाठेवीत मूळ चार ओळी मात्र पाठवायच्या राहून जातात.

श्रद्धांजलीचा प्रकार तर फारच अवघड. फोटो येतो, त्यावरच नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. खाली धडाधड "भावपूर्ण श्रद्धांजली", "विश्वास बसत नाही" आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझा फोन ते सगळं इमानेइतबारे वाचतो: "फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स". कोण गेलं, हे एकाही मेसेजमध्ये नसतं. जिथे सगळे हळहळताहेत तिथे "कोण गेलं रे?" असं विचारायला जीभ रेटत नाही, आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही. मग कुणाला तरी बाजूला फोन करायचा. फोटोखाली नाव, ठिकाण, वेळ एवढं लिहिलं तरी पुरे.

पीडीएफ पाठवली म्हणजे काम झालं असंही नाही. स्कॅन केलेली पीडीएफ हासुद्धा फोटोच. आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दिसायला मराठी असली, तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे फोनवर आपण मराठी टाइप करतो तशा खऱ्या देवनागरी अक्षरांत.

"आता एआय सांगतंच की" असं गृहीत धरणं

सांगतं, आणि त्याचा उपयोगही होतो. फेसबुकने २०१६ मध्ये फोटोंचं आपोआप वर्णन सुरू केलं, तेव्हा "फोटोत माणसं, झाड, आकाश असू शकतं" इतपत कळायचं. बी माय आइज हे डॅनिश अ‍ॅप २०१५ पासून डोळस स्वयंसेवकांना व्हिडिओ कॉलवर जोडून देत होतं; २०२३ मध्ये त्यात एआय आलं, आणि फोटो दिला की लांबलचक वर्णन मिळू लागलं. तरीही त्याला "हिरव्या साडीतली हसरी स्त्री" दिसते, ती आमची सुमामावशी आहे हे तुम्हालाच माहीत. शिवाय पत्रिकेतल्या वळणदार अक्षरांतला मुहूर्त ते चुकीचा वाचतं तेव्हाही तितक्याच ठामपणे सांगतं. तारीख, रक्कम, औषधाचं नाव यंत्राच्या भरवशावर सोडू नका. आणि घरातला प्रत्येक फोटो बाहेरच्या अ‍ॅपला द्यावा, असंही सगळ्यांना वाटत नाही.

वर्णनाच्या जागी भावना लिहिणं

"आमचं गोकुळ" लिहून खाली तीन बदाम टाकले, तर मला काय कळणार? त्यापेक्षा हे बघा: "आजीच्या पंचाहत्तरीला सगळी नातवंडं तिच्याभोवती, धाकट्याचा हात केकमध्ये." एकच ओळ, पण आता मीही त्या धाकट्याची चेष्टा करू शकतो. फोटो का पाठवलाय, ते लिहायचं. सुरुवात "हा फोटो आहे" अशी नको, ते फोनने आधीच सांगितलेलं असतं. रंग टाळायचंही कारण नाही. अनेकांची दृष्टी पुढे कधीतरी गेलेली असते, आणि जन्मापासून न दिसणाऱ्यालाही कुठली पैठणी नेसली याची उत्सुकता असतेच.

इन्स्टाग्राम, फेसबुक आणि एक्सवर यासाठी ऑल्ट टेक्स्ट नावाची वेगळी जागा आहे. तिथलं वर्णन इतरांना एरवी दिसत नाही, स्क्रीन रीडरला ऐकू येतं. एक्सवर त्यात १,००० अक्षरं बसतात, पण दोन वाक्यं भरपूर झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोखालची कॅप्शनच वापरा. राहून गेली तर त्याच फोटोला रिप्लाय करून लिहा. तीस फोटोंचा गठ्ठा असेल तर प्रत्येकाला वर्णन नको, सगळ्यांचं मिळून एक चालेल.

बारीकसारीक, पण रोजच्या

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू नका. इंग्रजी आवाज "kay kartoy" असं काही वाचतो की आपण कुणाशी बोलतोय तेच कळेनासं होतं. नावाला नटवणारी चित्रविचित्र अक्षरंही नकोत. स्क्रीन रीडर ती एकेक करून उच्चारतो किंवा गाळून टाकतो. नुसतं संगीत आणि वर सरकती अक्षरं असलेला पाककृतीचा व्हिडिओ माझ्यासाठी फक्त गाणं असतं. साहित्य तेवढं खाली लिहा.

आणि तुम्ही स्वतः स्क्रीन रीडर वापरत असाल आणि मराठी मेसेज वाचलेच जात नसतील, तर दर वेळी दोष पाठवणाऱ्याचा नसतो. फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवलेला आहे का, ते आधी तपासा. हिंदी आवाजावर मराठी चालवून घेता येतं, पण उच्चारांची पार वाट लागते.

"त्याला कशाला फोटो?" म्हणून वगळणं

हे मात्र खरोखर लागतं. ट्रिपचे फोटो सगळ्यांना जातात आणि मला "मजा आली" एवढाच मेसेज. मलाही फोटो पाठवा, खाली ओळ लिहा. मी ते घरी इतरांना दाखवतो. फोटो काढतोही. काढल्यावर "कसा आलाय?" असं विचारलं तर "छान" म्हणून मोकळं होऊ नका. डावीकडच्या काकांचं डोकं कापलंय, किंवा खोलीतला दिवा लावायचाच राहिलाय, हे तिथल्या तिथे सांगा, म्हणजे काका उठून जायच्या आत दुसरा काढता येतो.