सत्तरी ओलांडली? वय वंदना कार्ड आधी काढा, दवाखान्याची वेळ नंतर

आईवडिलांना अ‍ॅडमिट करायची वेळ आली की घरात आधारकार्ड शोधण्यापासून सुरुवात होते. सरकारी खर्चाने उपचार मिळवून देणारं वय वंदना कार्ड माणूस धडधाकट असतानाच काढून ठेवावं.

सुरुवात वयापासून. आधारवरच्या जन्मतारखेनुसार ७० पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, बंगलेवाल्यालाही मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही भरती होऊन. नुसती ओपीडी, रोजची बीपी-शुगरची गोळी यात येत नाही. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, वाट पाहण्याचा काळ नाही.

सत्तरीच्या आत असाल तर राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आता ती लागू आहे.

५ लाख कोणाचे, यावर घोळ होतो. आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असले तरी कार्डं दोन निघतात, रक्कम मात्र दोघांत मिळून ५ लाख. घर आधीपासून आयुष्मान योजनेत (केंद्राची कुटुंबासाठीची आरोग्य योजना) असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे. मुला-नातवंडांच्या उपचारात ते खर्च होत नाहीत.

नाशिकजवळच्या देवळालीकडचे माजी सैनिक आणि केंद्राचे पेन्शनर यांनी जरा थांबावं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांची) असेल तर तेच ठेवायचं की वय वंदना घ्यायचं, हे निवडावं लागतं. तिथे ओपीडी आणि औषधंही मिळतात, म्हणून घाईत सोडू नये. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असेल तर मात्र दोन्ही चालतात.

कार्ड काढायला मोबाईलवर आयुष्मान अ‍ॅप किंवा beneficiary.nha.gov.in ही वेबसाइट पुरते. आपला नंबर टाकून ओटीपीने आत जा, सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा पर्याय निवडा, आधार क्रमांक द्या, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा, फोटो काढा, घरच्यांची माहिती भरा. मंजुरी आली की कार्ड डाउनलोड करून एक प्रिंट पाकिटात ठेवा. जमत नसेल तर योजनेतल्या रुग्णालयात किंवा सेवा केंद्रात जा. कार्ड मोफत आहे. कुणी ‘फॉर्मचे’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

अडतं ते बहुतेक ई-केवायसीला. द्राक्षबागेत, कांद्याच्या खळ्यात आयुष्य गेलेल्या हातांचा अंगठा मशीनवर उठत नाही. मग डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन मागा, नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घ्या. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात नवा जोडून घ्यावा. दुसरी अडचण जन्मतारखेची. माणूस पंचाहत्तरीचा आणि आधारवर अडुसष्ट! आधारवरची तारीख साधारण एकदाच बदलता येते, त्यामुळे पक्का पुरावा हातात घेऊनच जा.

आता रुग्णालय. नाशिकच्या शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय असो, सिव्हिल असो की खासगी, ‘योजनेत आहात का?’ एवढं विचारून भागत नाही. रुग्णालय ठरावीक विभागांपुरतंच योजनेत असू शकतं: हृदयाचं ऑपरेशन चालेल, हाडांचं चालणार नाही. म्हणून आजाराचं नाव घेऊन विचारा, आणि डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्यमित्राला गाठा. तो योजनेच्या काउंटरवर बसतो. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. रिपोर्ट अपुरे गेले की ती तिथेच अडकते. त्यामुळे सगळे रिपोर्ट, एक्स-रे फिल्मसकट, सोबत न्या.

मंजूर उपचाराचे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच फोन लावा: वय वंदनासाठी १४५५५, फुले योजनेसाठी १५५३८८. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा संबंधित खर्चही वय वंदनात धरलेला असतो, तेव्हा घरी निघताना गोळ्या मागून घ्यायला विसरू नका.